केल्सच्या ग्रंथांतील एक पान

इ. स. ८०० च्या सुमारास लिहिलेली लॅटिन शुभवर्तमानांची एक प्रत, ‘केल्सचा ग्रंथ’, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजांत आहे. तींत ख्रिस्तजन्माच्या वृत्तान्तारंभीं ख्रिस्तनामाचीं पहिलीं तीन ग्रीक अक्षरें जवळजवळ सबंध पान व्यापितात. वासराच्या कातड्यावरील त्या वेटोळ्यांच्या तळाशीं मासा धरलेलें पाणमांजर आहे. मांजरें व उंदीरही आहेत! वाचणारा तेथें थबकतोच.

मात्र याच ग्रंथांत एका पानाचा मजकूर चुकून दोनदां लिहिला गेला, आणि एक पान तांबड्या फुल्यांनीं रद्द करावें लागलें. अक्षर वेलबुट्टीनें नटविलेलें, पण शब्द गाळलेला, अशा विद्यार्थ्यांच्या वह्यांवर मींही पुष्कळदां तांबडी शाई फिरविली आहे. या पानाचें छायाचित्र पाहिल्यापासून हात जरा अडखळतो.