ईयोबाचा बेहेमोथ आणि पिसदुऱ्याचीं हाडें

वाचावयाचे भाग : उत्पत्ति अ. १, ईयोब अ. ३८ ते ४१, स्तोत्र १०४.

चंद्रपूर जिल्ह्यांत वरोऱ्याच्या बाजूस पिसदुरा नांवाचें गांव आहे. तेथील जमिनींत प्राचीन काळच्या प्रचंड प्राण्यांचीं दगड झालेलीं हाडें सांपडतात. त्यांच्या शेणाचे गोळेसुद्धां दगड होऊन राहिले आहेत. या प्राण्यांस डायनोसॉर म्हणतात. हें नांव इंग्लंडांतील रिचर्ड ओवेन या पंडितानें १८४२ सालीं ग्रीक शब्दांवरून बनविलें. त्याचा अर्थ ‘भयंकर सरडा’ असा आहे.

मुलें ही माहिती शाळेंत शिकतात आणि उपदेशकास विचारतात, “पवित्र शास्त्रांत हे प्राणी कोठें आहेत?” या प्रश्नाला घाईनें चुकीचें उत्तर दिलें, तर मूल मोठें झाल्यावर तें उत्तर टाकून देईल, आणि त्याबरोबर शास्त्रही टाकून देण्याचें भय आहे. यास्तव या गोष्टीचा शांतपणें विचार करूं.

कित्येक जण लागलेच ईयोबाच्या ४० व्या अध्यायाकडे बोट दाखवितात. तेथें बेहेमोथ नामक पशूचें वर्णन आहे. तो गवत खातो, नदीकांठच्या लव्हाळ्यांत पडून राहतो, आणि त्याच्या शेपटाला गंधसरूची उपमा दिली आहे. शिवाय पिसदुऱ्याच्या त्या दगडी शेणाची परीक्षा करून २००५ सालीं विद्वानांनीं दाखविलें कीं, त्या प्राण्यांच्या आहारांत गवतही होतें. मग कोणी म्हणेल, “पाहा, बेहेमोथ तो हाच!” पण बंधूंनो, गवत तर आपली गायही खाते. डायनोसॉर सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं नाहींसे झाले. त्यांच्या वंशांतले पक्षी तेवढे उरले. मनुष्य पृथ्वीवर आला तो त्यानंतर फार काळानें. आणि देव ईयोबाला त्या पशूकडे पाहावयास सांगतो; तेव्हां तो त्या काळच्या लोकांना ठाऊक असलेला पशु असावा. पुष्कळ टीकाकार त्यास पाणघोडा समजतात.

मग शास्त्रांत डायनोसॉरांचें नांव नाहीं, ही उणीव आहे काय? शास्त्रांत आंब्याचेंही नांव नाहीं. म्हणून आंबा देवानें उत्पन्न केला नाहीं, असें आपण म्हणतों काय? उत्पत्तीचा पहिला अध्याय सर्व प्राण्यांची यादी देण्यासाठीं लिहिलेला नाहीं. सर्व कांहीं कोणी उत्पन्न केलें आणि तें त्याच्या दृष्टीस कसें दिसलें, हें तो सांगतो. तेथील सहा दिवसांविषयीं ख्रिस्ती लोकांत पूर्वींपासून एकमत नाहीं. इ. स. ४३० मध्यें मरण पावलेल्या आगुस्तीनानेंही ते दिवस कशा प्रकारचे होते हें समजणें अति कठीण आहे असें लिहिलें. त्यानें आणखी बजाविलें कीं, सृष्टीविषयीं ख्रिस्ती मनुष्यानें अज्ञानानें भलतेंच बोलूं नये. कारण ऐकणारे हंसतात आणि मग तारणाचा संदेशही ऐकत नाहींत.

देवाच्या सेवकांस या हाडांचें भय वाटलें नाहीं. डायनोसॉराचें पहिलें शास्त्रीय वर्णन १८२४ सालीं विल्यम बकलंड या पाळकानेंच प्रसिद्ध केलें. आपल्याकडे रे. स्टीफन हिस्लप हे १८४५ सालीं नागपुरास आले. त्यांनीं सुवार्ता सांगितली, शाळा चालविली, आणि त्या प्रदेशांतील दगड झालेले प्राणी व वनस्पति गोळा केल्या. पिसदुऱ्याची माहितीही प्रथम त्यांनींच जगापुढें मांडली. १८६३ सालीं एका रात्रीं ओढा ओलांडतांना ते बुडून मरण पावले. देवाचें वचन आणि देवाची सृष्टि हीं दोन्ही त्यांनीं सारख्याच आदरानें वाचलीं.

आतां पुनः ईयोबाकडे वळूं. तो दुःखांत असतां देवानें त्याला दुःखाचें कारण सांगितलें नाहीं. जेथें मनुष्य राहत नाहीं अशा रानांत पाऊस कोण पाडतो, रानबकरी केव्हां वितें हें कोण जाणतो, असें त्यास विचारिलें. मनुष्य पाहत नाहीं तेथेंही देव पाहतो, हें त्यांतलें मर्म आहे. पिसदुऱ्याचीं हाडें हेंच मोठ्यानें सांगतात. कोट्यवधि वर्षें ते प्राणी चरले, त्यांनीं अंडीं घातलीं, आणि त्यांस पाहावयास एकही मनुष्य नव्हता. तरी त्यांचें अन्न त्यांस मिळत गेलें. इतक्या दीर्घ काळाचा जो धनी, त्याला तुमच्या झोंपडींतलें दुःख दिसत नाहीं असें कसें होईल?

म्हणून मुलानें विचारलें तर सांगावें : “बाळा, शास्त्रांत त्यांचें नांव नाहीं, पण त्यांना निर्माण करणाऱ्याचें नांव आहे.”

प्रश्न :
१. बेहेमोथ म्हणजे डायनोसॉर असें कां म्हणूं नये?
२. उत्पत्तीचा पहिला अध्याय आपणांस मुख्यतः काय शिकवितो?
३. ईयोबाला मिळालेल्या उत्तरानें आपल्या दुःखांत कोणता धीर मिळतो?