हरवलेला फोल्डर आणि दप्तराची शिस्त

ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला. त्यातील जव्हार व मोखाडा हे तालुके डोंगराळ असून अनुसूचित क्षेत्रात मोडतात. एकेका ग्रामपंचायतीत अनेक विखुरलेले पाडे आहेत आणि जिल्ह्याचे ठिकाण दूर आहे. त्यामुळे सभेची सूचना, विवरणपत्राचा नमुना, आदेशाची प्रत असे बरेच टपाल आता ई-मेलने येते. घाट चढून येणाऱ्या टपालाची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. तथापि, आलेले टपाल जागेवर न सापडल्यास ते न आल्यासारखेच होय.

वनहक्काच्या दाव्यावरून याचे गांभीर्य ध्यानात येईल. २००६ च्या वनहक्क अधिनियमानुसार दावा ग्रामसभेकडून उपविभागीय समितीकडे व तेथून जिल्हास्तरीय समितीकडे जातो. दावा फेटाळला गेल्यास तो निर्णय दावेदारास व्यक्तिशः कळवावयाचा असतो आणि कळविल्यापासून ६० दिवसांत त्यास वरच्या समितीकडे दाद मागता येते. निर्णयाची प्रत ई-मेलमध्येच दडून राहिली, तर तो कळविला जात नाही. दिवाळीनंतर कुटुंबासह वीटभट्टीच्या किंवा बांधकामाच्या कामावर गेलेला दावेदार आपले प्रकरण विचाराधीन आहे असे समजून स्वस्थ राहतो.

फोल्डर जातो कोठे?

फोल्डर नाहीसा झाला असे वाटते तेव्हा बहुधा तो केवळ सरकलेला असतो. माऊसचे बटण दाबलेले असताना हात हलला की एक फोल्डर शेजारच्या फोल्डरच्या पोटात जातो. कपाटातील एक गठ्ठा दुसऱ्या गठ्ठ्यात बांधला जावा, तसाच हा प्रकार आहे. म्हणून शोध पुढील क्रमाने घ्यावा.

पहिली पायरी : प्रत्येक फोल्डरच्या डावीकडील लहान बाण दाबून आतील उपफोल्डर पाहावेत. ‘डिलीटेड आयटम्स’ अथवा ‘ट्रॅश’ हा फोल्डरही उघडावा. चुकून काढून टाकलेला फोल्डर अनेकदा तेथे सापडतो. यात विलंब करू नये, कारण जीमेलसारख्या सेवांत ट्रॅशमधील टपाल ३० दिवसांनी कायमचे नष्ट होते.

दुसरी पायरी : हरवलेल्या फोल्डरमधील एखादे पत्र आठवून त्यातील गावाचे नाव किंवा जावक क्रमांक शोधपट्टीत लिहावा. शोध एका फोल्डरपुरता न ठेवता संपूर्ण खात्यात घ्यावा. पत्र सापडले की ते कोणत्या फोल्डरमध्ये आहे, हे पाहावे. थंडरबर्डमध्ये ते पत्र त्याच्या मूळ फोल्डरमध्ये उघडण्याची सोय आहे. आऊटलुकमध्ये खात्याच्या गुणधर्मांतील ‘फोल्डर साइझ’ ही यादी उघडल्यास सर्व फोल्डर व उपफोल्डर एकाखाली एक दिसतात.

तिसरी पायरी : तरीही फोल्डर न मिळाल्यास तो ठेवला कोठे होता, याचा विचार करावा. काही फोल्डर सर्व्हरवर असतात. ते कोणत्याही संगणकावरून पाहता येतात. काही त्या एका संगणकावरच असतात. तो बदलला किंवा फॉरमॅट केला की तेही जातात. सर्व्हरवरील फोल्डर थंडरबर्डमध्ये दिसत नसेल, तर ‘सबस्क्राइब’ यादीत त्यावर खूण आहे की नाही, हे तपासावे.

फोल्डर सापडल्यावर तो मूळ जागी ओढून ठेवावा आणि आतील पत्रे पूर्ण आहेत याची खात्री करावी.

जुनी पद्धत, नवे दप्तर

दप्तर लावण्याचे शास्त्र महाराष्ट्रातील कार्यालयांस नवे नाही. १९८० च्या दशकाच्या आरंभी तत्कालीन अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्याचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी अभिलेखांची छाननी व मांडणी करून कार्यालयाचे रूप पालटले. तो प्रयोग ‘लखिना पॅटर्न’ म्हणून ओळखला जातो. सहा गठ्ठा पद्धत तर प्रत्येक लिपिकास ठाऊक असते. कार्यवाहीची प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवावयाची प्रकरणे आणि नष्ट करावयाचे कागद असे सहा फोल्डर ई-मेलमध्येही करता येतील. नावाआधी १ ते ६ क्रमांक घातल्यास त्यांचा क्रम बदलत नाही आणि एखादा सरकला तर उणीव तत्काळ दिसते.

उपफोल्डर एका पातळीपेक्षा खोल नेऊ नयेत. नावात वर्ष, विषय व गाव असावे. जव्हार तालुक्यात न्याहाळे बुद्रुक आणि न्याहाळे खुर्द अशी दोन गावे आहेत. केवळ ‘न्याहाळे’ असे लिहिलेला फोल्डर पुढील कर्मचाऱ्यास बुचकळ्यात टाकतो. एका वर्षी ‘वनहक्क’ व दुसऱ्या वर्षी ‘जंगल दावे’ असे नामांतर टाळावे.

महत्त्वाचे आदेश केवळ ई-मेलवर अवलंबून ठेवू नयेत. त्यांची नोंद आवक नोंदवहीत घ्यावी, प्रत मूळ संचिकेत लावावी आणि पुढील कार्यवाहीची तारीख लिहावी. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार अभिलेख सूचिबद्ध ठेवणे हे सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्यच आहे. शक्य तेथे शासकीय टपाल व्यक्तीच्या खाजगी पत्त्यावर न घेता पदाच्या पत्त्यावर घ्यावे, म्हणजे बदलीबरोबर दप्तर निघून जाणार नाही.

ग्रामसेवक, मुख्याध्यापक वा लिपिक यांनी कार्यभार सोपविताना फोल्डरची यादी व प्रलंबित पत्रांची नोंद लेखी द्यावी. आठवड्यातून एक ठराविक दिवस नेमून ‘इनबॉक्स’ रिकामा करावा व प्रतीक्षाधीन फोल्डर तपासावा. सरपंच व सदस्यांनीही मासिक सभेत आलेल्या आदेशांचा आढावा मागावा. असे झाल्यास दूरच्या पाड्यावरील अर्जदारास आपल्या कागदाचे काय झाले, याचे उत्तर त्याच भेटीत मिळेल आणि त्याचा एक दिवसाचा रोजगार वाचेल.