नॉमिनी मी, मग बहिणीची सही कशाला?

प्रश्न : वडील गेले, मृत्युपत्र नाही. त्यांनी १९८८ मध्ये घेतलेल्या फ्लॅटचा नॉमिनी मी आहे. आई आणि विवाहित बहिणीच्या संमतीशिवाय तो विकता येईल का?

उत्तर : नाही. नॉमिनी मालक नव्हे, विश्वस्त. शेअर सर्टिफिकेटवर नाव चढलं तरी हिंदू वारसा कायद्यानुसार तिघं समान वाटेकरी. (आजी हयात असेल तर तीही, हे हमखास विसरलं जातं.) बहिणीला हिस्सा नकोच असेल, तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवा, नुसती नोटरी चालत नाही. हवा असेल, तर खरेदीखतावर सगळ्यांच्या सह्या आणि पैसे ज्याच्या त्याच्या खात्यात. भांडवली नफ्यासाठी वडिलांच्या खरेदीऐवजी १ एप्रिल २००१चं बाजारमूल्य धरता येतं, रेडी रेकनरच्या मर्यादेत. मूल्यांकनाचा दाखला आधीच काढा.