नव्या गाण्याची खबर आणि भागीदारीचा कागद

ईदचा हंगाम दोन महिन्यांवर आला की कापड बाजारात शेडकार्ड फिरू लागतात. माल अजून मागावर असतो, पण कोणता रंग, किती पन्हा, कधी मिळणार, हे दुकानदाराला आधी सांगावेच लागते. कोणत्याही कंपनीशी बांधलेला नसलेला गायक आपल्या येणाऱ्या गाण्याची आणि पुढच्या भागीदारीची खबर देतो ती याच कारणाने. गाणे ऐकावे की नाही, हा या पानाचा विषय नाही. आपल्या वस्त्यांतील मुले या कामात उतरली आहेत आणि त्यात हक्क व पैसा गुंतलेला आहे, म्हणून व्यापाऱ्याच्या नजरेने ते पाहू.

कुर्ल्याच्या नेझीने 2014 साली 'आफत' हे गाणे आयपॅडवर तयार केले. स्टुडिओ नाही, भांडवल नाही. 2015 मध्ये अंधेरीच्या डिव्हाइनबरोबर त्याचे 'मेरे गली में' आले आणि 2019 च्या 'गली बॉय' चित्रपटात ते नव्या रूपात वापरले गेले. म्हणजे भागीदारीत केलेला माल चार वर्षांनी दुसऱ्या बाजारात गेला. असा दुसरा बाजार उघडतो तेव्हा कोणाला किती, हे आधी केलेल्या कागदावर ठरते.

इथेच आपली मुले फसतात. दोस्ती आहे, लिहायचे काय, असे म्हणतात. पण एका गाण्यात चार वेगवेगळे माल असतात: शब्द, चाल, गायकाचा आवाज आणि ध्वनिमुद्रण. शब्द लिहिणारा शब्दांचा मालक. ध्वनिमुद्रणाचा पुढाकार व जबाबदारी ज्याने घेतली तो कायद्याने त्याचा निर्माता. बीट एकाची, बोल दुसऱ्याचे आणि रेकॉर्डिंगचा खर्च तिसऱ्याचा असेल तर तिघांचे वाटे टक्क्यांत लिहून सह्या करा, आणि मगच भागीदाराचे नाव जाहीर करा. नाव जाहीर झाल्यावर घासाघीस करणे म्हणजे माल पोचवल्यावर भाव ठरवणे.

कंपनी पुढे आली तर कॉपीराइट कायद्याचे 19 वे कलम वाचून घ्या. हक्क लेखी सहीशिवाय दुसऱ्याकडे जात नाही. करारात मुदत नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. उलट काही लिहिलेले नसेल तर वर्षभरात न वापरलेला हक्क परत मिळतो. म्हणूनच कंपनीचा वकील 'कायमचे' आणि 'सर्व जगासाठी' हे शब्द घालतो. त्या दोन शब्दांची किंमत वेगळी मागावी. 2012 च्या दुरुस्तीने मात्र गीतकार व संगीतकाराचा रॉयल्टीतील समान वाटा राखला आहे, तो सहजासहजी लिहून घेता येत नाही. ही रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेची 2017 मध्ये पुन्हा नोंदणी झाली. शब्द वा चाल स्वतःची असेल तर तिचे सभासद व्हावे.

आता तारखेचे. स्पॉटिफायसारखी सेवा एकट्या गायकाकडून थेट गाणे घेत नाही, मध्ये वितरक लागतो. कोणी वर्षाची फी घेतो, कोणी टक्केवारी. फी थकली तर गाणे उतरवणारेही आहेत, तेव्हा अट विचारावी. स्पॉटिफायच्या निवडकर्त्यांपुढे गाणे ठेवायचे तर तारखेच्या किमान सात दिवस आधी कळवावे लागते. वितरकाची ढिलाई धरून मी तीन-चार आठवडे म्हणेन. 2024 पासून तेथे बारा महिन्यांत हजार वेळा न वाजलेल्या गाण्याला रेकॉर्डिंगची रॉयल्टी मिळत नाही. त्यामुळे महिन्याला चार कच्ची गाणी सोडण्यापेक्षा एक पक्के गाणे सोडून त्याची खबर नीट द्यावी: गाणे कोणते, कोणाबरोबर, कोणत्या तारखेला. तारीख पक्की नसेल तर ती छापूच नये, कारण ईद उलटल्यावर आलेला गठ्ठा कोण घेतो हे आपल्याला ठाऊक आहे.