आजारी बेडकास औषध कसे द्यावे?

(सामान्य विज्ञान : प्राणिसंगोपन. इयत्ता सातवी)

उद्देश : बेडकाची त्वचा व त्याचा औषधोपचार यांतील संबंध विद्यार्थ्यांस उमगावा. मुक्या प्राण्यावर दया करावयाची ती ज्ञानपूर्वक, हे त्यांच्या मनावर बिंबावे.

प्रस्तावना : ऑस्ट्रेलियातील हिरवा वृक्षमंडूक हा शांत स्वभावाचा प्राणी त्या देशात, तसेच युरोप-अमेरिकेत, काचेच्या पेटीत हौसेने पाळला जातो. आजारी पडला म्हणजे तो अन्न टाकतो व सुस्त बसून राहतो. अशा वेळी कळवळून कोणी घरातलेच मलम त्यास लावतो. मग आजारातून कदाचित् वाचला असता असा जीव औषधाने दगावतो. असे का व्हावे?

विषयविवेचन : बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. रॉबर्ट टाउनसन या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने १७९० नंतरच्या दशकात पाळीव बेडकांचे निरीक्षण करून दाखवून दिले की, ते पोटाच्या त्वचेवाटे पाणी शोषून घेतात. श्वसनाचे पुष्कळसे कार्यही त्वचाच करते. म्हणून त्वचेवर जे पडते, ते शरीरात शिरते. माणसाच्या काही मलमांत वेदना कमी करण्यासाठी बधिरता आणणारे द्रव्य घातलेले असते. माणसाची तेवढी जागाच बधिर होते. बेडकाच्या मात्र सर्व शरीरात ते भिनते व त्याचा प्राणही जाऊ शकतो.

त्वचेच्या आजाराचे मोठे उदाहरण म्हणजे कायट्रिड बुरशी. हिचा शोध १९९८ साली प्रसिद्ध झाला. ही बुरशी त्वचेत वाढते, शरीरातील क्षारांचा समतोल बिघडतो आणि अखेरीस हृदय बंद पडते. हिच्यावर इट्राकोनॅझोल या औषधाच्या ०.०१ टक्का द्रावणात बेडकास रोज ५ मिनिटे, सुमारे १० दिवस बसविण्याची पद्धत रूढ झाली. पुढे त्या प्रमाणाचेही दुष्परिणाम दिसल्याने सौम्य द्रावणे वापरून पाहण्यात आली. बेडूकमाशांस तर हे औषध फारच बाधते. तेव्हा औषध कोणते व किती, हे पशुवैद्यानेच ठरवावे.

शुश्रूषेचा क्रम :
१. आजारी बेडकास इतरांपासून वेगळे ठेवावे. पेटीत स्वच्छ, ओला कागद अंथरावा व तो रोज बदलावा.
२. नळाच्या पाण्यातील क्लोरीन त्यास बाधते. म्हणून क्लोरीन काढलेलेच पाणी वापरावे.
३. हातास साबण, तेल वा मीठ लागलेले नसावे. पावडर नसलेले हातमोजे पाण्याने ओले करून घालावेत.
४. रोज वजन करून त्याची नोंद ठेवावी.
५. थेंब द्यावयाचे असल्यास सुई काढलेल्या पिचकारीने पाठीवर सोडावेत. द्रावणात बसविताना पाणी उथळ असावे व नाकपुड्या वर राहाव्यात. घड्याळावरील नजर ढळू देऊ नये.
६. जबडा नाजूक असतो. तोंड बळाने उघडू नये.
७. टवटवी आली तरी सांगितलेले सर्व दिवस औषध द्यावे. एखादी मात्रा चुकल्यास दुप्पट देऊ नये.
८. वापरलेले पाणी ओढ्यात वा तळ्यात ओतू नये. त्यातून रोग रानातील बेडकांत पसरतो. शेवटी हात साबणाने धुवावेत, कारण बेडकाच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात.

गणिताशी सांगड : माणसाचे वजन ६० किलोग्रॅम व बेडकाचे ३० ग्रॅम धरल्यास बेडूक माणसाच्या २००० वा भाग होतो. गोळीचा चतकोर तुकडादेखील त्यास ५०० पट होईल, हे फळ्यावर मांडून दाखवावे. मात्र केवळ भागाकाराने मात्रा ठरत नाही, हेही सांगावे. कारण प्राण्यागणिक औषधाचा परिणाम निराळा असतो.

शिक्षकांस सूचना : पावसाळ्यात मुले शेतातील बेडूक शाळेत आणतात. त्यांस रागे भरू नये. परंतु तो प्राणी रानचा आहे, हे समजावून जेथून आणला तेथेच सोडावयास लावावा. पाठासाठी बेडूक पकडू नये. चित्र पुरेसे आहे.

प्रश्न :
१. बेडूक पाणी कसे घेतो?
२. माणसाचे मलम बेडकास घातक का ठरते?
३. औषधाचे वापरलेले पाणी ओढ्यात का ओतू नये?
४. "दयेस ज्ञानाची जोड हवी." या पाठाच्या आधारे पाच ओळी लिहा.