नावं पाठ करू नका, जोड्या लावा

प्रश्न : वाइनच्या परीक्षेसाठी उत्तर इटलीचा अभ्यास करते आहे. गाव, द्राक्ष आणि वाइन यांच्या नावांची सरमिसळ होते. काय करू?

उत्तर : प्रत्येक ठिकाणी दोनच प्रश्न विचारा: द्राक्ष कोणतं आणि त्याचं केलं काय? पिएमाँतेतली बारोलो आणि बार्बारेस्को ही गावं. दोन्हींची वाइन फक्त नेब्बिओलोची. फरक मुरवण्यातही आहे: बारोलोला किमान 38 महिने, बार्बारेस्कोला 26. बार्बेरा मात्र द्राक्षाचं नाव.

व्हेनेतोतल्या वाल्पोलिचेल्लात मुख्य द्राक्ष कोर्विना. ताज्या द्राक्षांची साधी वाल्पोलिचेल्ला. तीच द्राक्षं काही महिने सुकवून जवळजवळ सगळी साखर आंबवली की कडक आमारोने. आंबणं मध्येच थांबलं की गोड रेचोतो. आमारोनेच्या चोथ्यावर साधी वाइन पुन्हा आंबवली की रिपास्सो. हे चौघं नीट समजले, की निम्मा गोंधळ मिटतो.

फेसाळ वाइनमध्ये ग्लेराची प्रोसेक्को बहुधा टाकीत फेसाळते, लोंबार्दीतली फ्रांचाकोर्ता बाटलीत.

नेब्बिओलो आणि बार्बेरा शेजारी ठेवून जरूर चाखा. हिरड्या आवळणारा तुरटपणा नेब्बिओलोचा, तोंडाला सुटणारं पाणी बार्बेराचं. जिभेने केलेला अभ्यास परीक्षेत दगा देत नाही.