वाक्यकोष्टक : संगणक आणि मराठी व्याकरण

संगणकाच्या पडद्यावर ‘फाईल सापडली नाही’ असे वाक्य उमटते, तेव्हा ते येते कोठून? मी मराठीचा विद्यार्थी. हा प्रश्न विज्ञान शाखेचा, असे कोणी म्हणेल. तो आपलाही कसा आहे, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

वाक्ये थेट प्रोग्रॅमच्या आज्ञांतच पेरली, तर भाषा बदलताना सगळा प्रोग्रॅम उसवावा लागतो. म्हणून ती वेगळी काढून एका कोष्टकात ठेवतात. यास ‘स्ट्रिंग टेबल’ म्हणतात; आपण वाक्यकोष्टक म्हणू. प्रत्येक वाक्याला क्रमांक असतो. प्रोग्रॅम फक्त क्रमांक मागतो. समोर मराठी कोष्टक असेल तर मराठी वाक्य मिळते. विंडोजमध्ये ही वाक्ये १६-१६ च्या गटांनी साठवतात. ‘गेटटेक्स्ट’ या मुक्त साधनात क्रमांकाऐवजी मूळ वाक्यच खूण म्हणून वापरतात.

मराठी नोंद राहून गेली, की बहुधा मूळ इंग्रजी वाक्यच पुढे येते. ही उणीव किरकोळ नव्हे. माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. आई चौथीपर्यंत शिकलेली. मोबाईलवर पैसे पाठविताना ‘रद्द करा’, ‘पुढे जा’ ती स्वतः वाचते. मध्येच इंग्रजी वाक्य आले, की शेजारच्या मुलाला हाक मारते आणि गुप्त क्रमांकही त्यालाच सांगते.

आता व्याकरणाकडे वळू. इंग्रजीत ‘टु’पुढे कोणतेही गाव ठेवले तरी चालते. मराठीत ‘नाशिक’चे ‘नाशिकला’ होते. पण ‘पुणे’चे ‘पुण्याला’ आणि ‘सातारा’चे ‘साताऱ्याला’. यंत्राने नुसता ‘ला’ जोडला, तर ‘पुणेला’ असा विपरीत प्रकार होतो. लिंगाचेही तसेच : कागद पुसला, फाईल पुसली, चित्र पुसले. म्हणून वाक्याचे तुकडे न साठविता पूर्ण वाक्ये साठवावीत. अथवा ‘जाण्याचे ठिकाण : पुणे’ अशी रचना करावी, म्हणजे सामान्यरूपाची अडचणच उरत नाही. एकवचन-अनेकवचनासाठी मात्र गेटटेक्स्टमध्ये वेगळी सोय आहे.

मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा संगणक नव्हता; तरी सामान्यरूपाचे ज्ञान आज येथे उपयोगी पडते. आपल्या पुण्यात १९८८ साली सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. १९९१ साली ‘इस्की’ हे भारतीय लिप्यांचे प्रमाणक ठरले. पुढे युनिकोड रूढ झाले. अक्षरे यंत्रात बसली. वाक्ये नीट बसविण्याचे काम अजून शिल्लक आहे.

फायरफॉक्स, लिबरऑफिस यांसारख्या मुक्त प्रणालींची मराठी वाक्ये स्वयंसेवकच लिहितात. त्यासाठी प्रोग्रॅमिंग यावेच लागते असे नाही. शुद्ध आणि सोपे मराठी मात्र यावे लागते. मित्रहो, ते आपल्यापाशी आहे. आपण भरलेल्या एका नोंदीने कोणाच्या तरी आईला आपला गुप्त क्रमांक आपल्यापाशीच ठेवता येईल.